कपाटातलं इंटरनेट गावाला द्या : नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
नाशिक जिल्ह्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक भाऊसाहेब यांना,

स. न. वि. वि.

गोष्ट एका नवरात्रातली आहे. पेठ तालुक्यातल्या एका गावी बचत गटाच्या बैठकीला गेले होते. अकराची वेळ ठरलेली होती, पण बारा वाजले तरी समाजमंदिरात मी आणि दोन म्हाताऱ्या एवढ्याच. बाकीच्या बाया कुठे गेल्या म्हणून विचारलं, तर आजींनी गावामागच्या टेकडीकडे बोट केलं. ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीचे, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवून द्यायचे, दिवस होते आणि गावात रेंज नव्हती. टेकडीवर एका दगडाजवळ उभं राहिलं की दोन काड्या येतात, म्हणून सगळ्या तिथे गेलेल्या.

मीही चढून गेले. पंधरा-वीस जणी होत्या, काहींच्या कडेवर पोरं. पान उघडायचं, आधार क्रमांक टाकायचा, ओटीपी यायच्या आत पान बंद पडायचं, पुन्हा पहिल्यापासून. एकीच्या आधारला जोडलेला नंबर मुलाच्या फोनमध्ये होता आणि मुलगा पिंपळगावकडे द्राक्षाच्या छाटणीला गेलेला. ती दुसरीच्या फोनवरून त्याला लावत होती, तो बागेत फोन उचलत नव्हता. तिने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

उतरल्यावर पाणी प्यायला ग्रामपंचायतीत गेले. कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटाच्या काचेआड एक पांढरी पेटी दिसली, अजून प्लॅस्टिकमध्येच. त्यातून निघालेली काळी वायर भिंतीच्या भोकातून बाहेर जात होती. शिपाईदादांना विचारलं. ते म्हणाले, “नेटचं आहे ताई. बसवून गेले तेव्हा एकदा हिरवी लाइट लागली होती.” कपाटाला कुलूप होतं. चावी भाऊसाहेबांकडे, भाऊसाहेबांकडे तीन गावं, आणि त्या दिवशी ते तालुक्याला मीटिंगला.

टेकडीवर ज्यासाठी त्या बाया उन्हात उभ्या होत्या, ते त्यांच्याच ग्रामपंचायतीत, त्यांच्या घरांपासून दोनशे पावलांवर पडून होतं. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. दिल्लीला नाही, मुंबईला नाही आणि कुठल्या कंपनीलाही नाही.

माझी ओळख थोडक्यात सांगते. वीसहून अधिक वर्षं मी दिंडोरी तालुक्यात संगणक शिकवते. सुरुवात एमएस-सीआयटीच्या क्लासपासून झाली. समोर नोकरीसाठी प्रमाणपत्र हवं असलेली मुलं असायची. गेली काही वर्षं क्लास सांभाळून बचत गटांच्या बायांना, अंगणवाडी ताईंना, निवृत्त माणसांना मोबाईल आणि इंटरनेट शिकवायला गावोगाव जाते. दिंडोरी, पेठ, सुरगाणा, कळवण हा माझा नेहमीचा फेरा. या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते तुमच्यापुढे ठेवते. गावात वायर पोचली की काम अर्धंच होतं. लोक ती वापरू लागतील हे उरलेलं अर्धं काम सरकारच्या कुठल्याही निविदेत लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच करू शकता.

ही पेटी तुमच्या कपाटात आली कशी, हे नव्या सदस्यांना कदाचित माहीत नसेल. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर केली. २०१५ मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळालं. आपल्या राज्यातल्या पुढच्या टप्प्याचं काम राज्य सरकारने ‘महानेट’ म्हणून हाती घेतलं. तालुक्याच्या एक्सचेंजमधून काचेचा धागा निघतो आणि रस्त्याच्या कडेने किंवा खांबांवरून तुमच्या कार्यालयापर्यंत येतो. त्यातून येणारा प्रकाश ओळखून त्याचं इंटरनेट करणारं यंत्र म्हणजे ती पांढरी पेटी. एका धाग्याचे फाटे पाडून शाळा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी आणि पुढे घरंही जोडता येतात. देशभरात दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती अशा जोडल्याची सरकारी नोंद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये याच योजनेच्या सुधारित रूपाला १ लाख ३९ हजार कोटी रुपयांहून जास्त खर्चाची मंजुरी मिळाली. पूर्वी धागा एका रेषेत यायचा, एके ठिकाणी तुटला की पुढची सगळी गावं बंद. आता तो गोलात फिरवून दोन बाजूंनी आणायचं ठरलं आहे. हे चांगलं पाऊल आहे. पण पैशांचा एवढा मोठा आकडा पाहिला की मला ते कुलूप आठवतं.

तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील, “ताई, आता घरोघरी मोबाईल आहे, वायरचं काय घेऊन बसलात?” हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारतात, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

घरोघरी मोबाईल आहे हे खरं. पण तो घराचा असतो की घरातल्या एका माणसाचा, हे एकदा बघा. आमच्या भागात तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या किंवा मोठ्या मुलाच्या खिशात असतो, आणि तो माणूस सकाळी सातपुर-अंबडच्या कंपनीत नाहीतर निफाडकडच्या बागेत गेलेला असतो. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं, नाहीतर दिवसाचा डेटा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या बायांना विचारलं होतं, आयुष्यात कधी इंटरनेट वापरलं आहे का? शंभरातल्या ३३ जणींनीच हो म्हटलं. पुरुषांत हा आकडा ५७ होता. ग्रामीण भागातल्या बाया घेतल्या तर शंभरात २५ सुद्धा भरत नाहीत. हे आकडे थोडे जुने झाले आणि तेव्हापासून बरंच बदललं आहे, हे मी रोज बघते. पण ज्यांनी ‘वापरलं’ म्हटलं त्यांच्यातल्या कित्येकींनी व्हिडिओ बघण्यापलीकडे काही केलेलं नसतं. अर्ज भरणं, कागद शोधणं, भाव बघणं, डॉक्टरांशी बोलणं ही कामं त्या अजून दुसऱ्याच्या हातून, बहुतेक वेळा पैसे मोजून, करून घेतात.

शिवाय डोंगर आहे. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडची गावं दऱ्यांत बसलेली आहेत. टॉवर एका कड्यावर, गाव दुसऱ्या कड्याच्या पोटात. आषाढात चार दिवस वीज गेली की टॉवरच्या बॅटऱ्या बसतात आणि होती ती रेंजही जाते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी मोहीम निघाली, तेव्हा त्र्यंबक तालुक्यातल्या एका शाळेचे गुरुजी आठवड्यातून दोनदा पायी फिरून स्वाध्यायाचे कागद वाटत होते, कारण वर्गातल्या तीसपैकी चारच घरांत धडा उघडत होता. त्या वर्षी पाचवीत असलेली मुलं आता दहावीच्या पुढे गेली आहेत. अक्षर जोडताना ती अजून कुठे अडतात, ते माझ्या क्लासला आली की मला दिसतं.

एकाच वेळी दहा जणांनी वापरावं, मुलांनी मोठ्या पडद्यावर बघावं, आजीला डॉक्टर नीट दिसावेत, यासाठी वायरचं ब्रॉडबँड, म्हणजे वेगवान इंटरनेट, लागतं. सरकारच्या व्याख्येप्रमाणे २०२३ पासून किमान २ एमबीपीएस वेग असला तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. तुमच्या कपाटातली पेटी त्याच्या कितीतरी पट वेग देऊ शकते.

अडचण आपल्याच जिल्ह्याची नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगात २६० कोटी माणसं इंटरनेटबाहेर होती. त्याच वर्षीचा जीएसएमए या मोबाईल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोबाईल इंटरनेटचं जाळंच पोचलेलं नाही अशा भागात जगातली जेमतेम ४ टक्के माणसं राहतात. जाळं डोक्यावर आहे आणि तरी वापरत नाहीत, अशी मात्र जवळजवळ ४० टक्के आहेत. कारणं सगळीकडे तीच निघतात : हातातलं यंत्र महाग, रिचार्ज परवडत नाही, वापरता येत नाही, फसवणुकीची भीती, आणि आपल्या कामाचं तिथे काही आहे असं वाटत नाही.

ज्या देशांनी हे ओळखलं त्यांनी वायरीबरोबर माणसंही उभी केली. दक्षिण कोरिया १९९७च्या आर्थिक संकटात पार कोलमडला होता. त्यातून उठताना तिथल्या सरकारने घराघरांत वेगवान इंटरनेट नेलं आणि त्याच वेळी २००० साली सुमारे एक कोटी लोकांना ते शिकवण्याचा कार्यक्रम काढला. लोकसंख्या होती पावणेपाच कोटींच्या आत. त्या आधीच गृहिणींसाठी खास वर्ग सुरू झाले होते, खाजगी संगणक क्लासमध्ये, सवलतीच्या फीमध्ये. माझ्यासारख्या क्लासवालीला हे वाचून भरून आलं. आई शिकली की घरात जोडणी टिकते, हे त्यांनी हेरलं होतं.

एस्टोनिया हा तर आपल्या नाशिक शहराहून कमी वस्तीचा देश. १९९६ साली तिथे शाळा संगणकांनी जोडायची मोहीम निघाली. २००२ पासून बँका आणि टेलिफोन कंपन्यांनी मिळून मोठ्या माणसांसाठी वर्ग घेतले. एक लाखाच्या वर माणसं शिकली, म्हणजे प्रौढांतला साधारण दहावा हिस्सा. मला सगळ्यात आवडते ती त्यांची पाटी. खेड्यातल्या ज्या वाचनालयात कुणीही जाऊन इंटरनेट वापरू शकतं, तिकडे वळणाऱ्या रस्त्यावर सरकारने निळी पाटी लावली, ईमेलच्या पत्त्यात येतं ते ‘ॲट’चं चिन्ह काढून. आपल्याकडे दवाखान्याची, पेट्रोल पंपाची पाटी असते तशी. पाटी लावली की ती गोष्ट गावाची होते. रस्त्याने जाणाऱ्यालाही कळतं की इथे विचारायला हरकत नाही.

श्रीमंत देशातसुद्धा पैशाची बाजू सुटलेली नाही. अमेरिकेत गरीब कुटुंबांच्या इंटरनेट बिलात महिना ३० डॉलरची सूट देणारी योजना होती. २ कोटी ३० लाख कुटुंबं तिच्यात आली आणि २०२४च्या जूनमध्ये निधी संपला म्हणून ती बंद पडली. दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांत साधं ब्रॉडबँड मिळावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाचं उद्दिष्ट आहे. तोच ठोकताळा आपल्या घरांना लावून बघा. ज्या घरात महिन्याला दहा हजार येतात तिथे दोनशे रुपये. मजुरीवर जगणाऱ्या घरात तेवढेही दर महिन्याला निघत नाहीत, कारण तिथे महिन्याचा पगार नसतोच, छाटणीला आणि कांदा लागवडीला पैसा येतो आणि मधले महिने कोरडे जातात. म्हणून घरोघरी कनेक्शन द्या असं मी आज म्हणत नाही. आधी गावात एक जागा द्या.

कोरिया-एस्टोनिया दूरचे वाटत असतील तर केरळचा मलप्पुरम जिल्हा घ्या. मागास म्हणून गणला जाणारा, कित्येक घरांतलं कुणी ना कुणी आखाती देशात गेलेलं. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथे ‘अक्षय’ प्रकल्प सुरू झाला, उद्घाटनाला राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आले होते. नियम साधा होता. सुमारे हजार कुटुंबांमागे एक केंद्र, आणि प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाला संगणक हाताळता आला पाहिजे. खर्चात ग्रामपंचायतींनी वाटा उचलला. केंद्र चालवणारी मुलं-मुली तिथलीच. बुरख्यातल्या आज्या दुबईतल्या मुलाचा चेहरा पडद्यावर बघायला केंद्रात येऊ लागल्या, आणि चेहरा बघता बघता माउस धरायला शिकल्या. देशातला पहिला ई-साक्षर जिल्हा म्हणून मलप्पुरमचं नाव झालं.

घरटी एक माणूस हाच नियम केंद्र सरकारने २०१७च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानातही घेतला. २०२४ पर्यंत सहा कोटींहून जास्त लोकांना प्रशिक्षण मिळालं. मी स्वतः त्यातले वर्ग जवळून पाहिले आहेत आणि त्यातल्या शिक्षकांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण वीस तासांचा कोर्स, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र, आणि दुसऱ्या दिवसापासून हात लावायला ना संगणक, ना नेट. सायकल शिकवून सायकल काढून घेतल्यासारखं ते झालं. सहा महिन्यांनी त्याच बाया मला म्हणायच्या, “ताई, तेव्हा येत होतं, आता विसरले.”

लोक कधी शिकतात याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षवाल्यांना इंटरनेट वापरा म्हणून कुणी भाषण दिलं नव्हतं. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी आणि रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे फळात औषधाचे अंश किती उरलेत त्याचा अहवाल, ‘ग्रेपनेट’ या संकेतस्थळावर लागतात, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडा या केंद्र सरकारच्या संस्थेची ही व्यवस्था जवळजवळ वीस वर्षांपासून आहे. ज्यांनी दहावीनंतर वही धरली नव्हती असे आप्पा आणि नाना प्लॉटचा नोंदणी क्रमांक तोंडपाठ सांगू लागले. लासलगावच्या लिलावाचा भाव सकाळी फोनवर दिसू लागल्यावर कांदेवाल्यांनीही कुणाची वाट बघितली नाही. कामाची गोष्ट दिसली की माणूस शिकतोच.

मग सुरगाण्यातल्या नागली-भात पिकवणाऱ्या बाईची कामाची गोष्ट कोणती? हे तिलाच विचारावं लागतं. मी पहिल्या दिवशी कधीही ‘हा संगणक, हा कीबोर्ड’ असं शिकवत नाही. “काय बघायचंय?” म्हणून विचारते. एकीने सांगितलं, माझ्या वनपट्ट्याचा सातबारा निघाला का ते बघायचंय. सातबारा ऑनलाइन दिसतो हे तिला ठाऊकच नव्हतं. गट नंबर टाकला, पानावर तिचं आणि नवऱ्याचं नाव आलं, तशी ती पडद्याला हात लावून दोन मिनिटं गप्प बसली. दुसरीला मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे का आले नाहीत ते हवं होतं. बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं, तेवढंच कारण, आणि त्यासाठी तिने तालुक्याला चार खेपा मारल्या होत्या, प्रत्येक खेपेला दिवसाची मजुरी बुडवून. बारावीनंतर लग्न झालेल्या एकीला बी. ए. करायचं होतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकातच आहे, त्याच्या प्रवेशाचं पान तिला पहिल्यांदा समाजमंदिरात बसून दिसलं.

लिहिता न येणाऱ्यांना मी माइकचं चिन्ह दाखवते आणि बोलायला सांगते. आमच्याकडच्या कोकणा आदिवासी बाया आधी लाजतात, आपली बोली यंत्राला कळायची नाही म्हणतात. ती खरोखरच नीट कळत नाही. मग मराठीत सावकाश बोलतात आणि उत्तर ऐकू आलं की एकमेकींकडे बघून हसतात. तिथून पुढे मला फार काही करावं लागत नाही.

भीतीबद्दलही लिहायला हवं, कारण ती खरी आहे. “बटण दाबलं आणि पैसे गेले तर?” हा प्रश्न मला ज्यांनी विचारला त्यांच्यातल्या काहींचे पैसे खरोखर गेलेले होते. एका निवृत्त गुरुजींना पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर दिसला, ‘डिजिटल अरेस्ट’ झाली म्हणून त्याने घाबरवलं, आणि दोन दिवसांत त्यांनी आयुष्याची पुंजी पाठवली. गुरुजींनी शरमेने घरात कुणाला सांगितलं नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ असं काही कायद्यात नाही आणि पैसे गेल्याबरोबर १९३० या नंबरवर फोन करायचा, ही दोन वाक्यं त्यांना आधी कुणी सांगितली असती तर? ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायला किती खर्च येईल? शिकवणारं माणूस गावात असलं की फसलेला माणूस निदान त्याच्याकडे धावत येतो.

मुली फोनने बिघडतात, ही तक्रारही मी प्रत्येक गावात ऐकते. आईबापांची काळजी मला कळते, मलाही मुलगी आहे. पण २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका वसतिगृहातल्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात सांगितलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे. मुलीला फोन नको असं ज्या घरात ठरतं, त्या घरातल्या मुलाच्या हातात तो असतोच, आणि तो अंधारात पांघरुणाखाली काय बघतो हे कुणी विचारत नाही. ग्रामपंचायतीच्या उजेडात, ताईसमोर, चारचौघांत मुलगी शिकली तर काळजीचं कारण कमी होतं.

आता माझं मागणं. पेटी कपाटातून बाहेर काढा. रोज ठरलेले दोन तास, बायांना शेतातून आल्यावर जमतील असे, ग्रामपंचायतीची किंवा शाळेची एक खोली उघडी ठेवा. तिथे दोन संगणक, चांगली बॅटरी असलेला एक इन्व्हर्टर, आणि गावातलीच बारावी-पदवी झालेली एक मुलगी किंवा सून. तिला मानधन द्या. फुकटात काम करून घेऊ नका, फुकटाचं काम दोन महिन्यांत बंद पडतं हे मी फार वेळा बघितलं आहे. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे तिथे असले तर उत्तमच, पण त्यांचं पोट अर्ज भरून देण्याच्या पैशांवर असतं. त्यांनी लोकांना स्वतः भरायला शिकवावं अशी अपेक्षा धरणं त्यांच्यावर अन्याय आहे. शिकवणारी वेगळी लागते.

पैशाचं म्हणाल तर पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागासाठीचा खास पंचायत कायदा लागू असलेल्या, ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी (कशावर खर्चायचा ते गावाने ठरवायचा) थेट मिळतो आणि शिक्षणावरचा खर्च त्यात बसतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, कळवणच्या सरपंचांनी हे जरूर बघावं. इतर गावांनी ग्रामनिधी आणि वित्त आयोगाच्या निधीतून काय कुठे बसतं ते भाऊसाहेबांना विचारून विकास आराखड्यात घ्यावं. इन्व्हर्टर, संगणक, खोलीची दुरुस्ती एकातून आणि मानधन दुसऱ्यातून, असं करावं लागेल. कटकट आहे, पण होण्यासारखी आहे. गावच्या प्रवेशद्वाराच्या कमानींवर आपण किती खर्च करतो, हे आपण सगळे जाणतो.

वायर तुटण्याचं काय? तुटते, खरं आहे. रस्ता रुंद करताना, पाण्याची लाइन टाकताना जेसीबीचा एक घास आणि तीन गावं बंद. मार्च २०२३ मध्ये सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप आणलं आहे. खोदणाऱ्याने आधी त्यावर नोंद केली की जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना कळतं. तुमच्या हद्दीत खोदायचा ना-हरकत दाखला मागायला ठेकेदार येतो तेव्हा आधी ती नोंद दाखव म्हणा. आणि बंद पडलं की तक्रार करा, तारीख टाकून, लेखी, दर वेळी. ‘नेट बंद आहे’ असं सहा महिने एकमेकांना सांगत बसलो तर वरच्या नोंदीत तुमचं गाव चालूच दिसत राहतं.

सिंहस्थ तोंडावर आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला कोट्यवधी भाविक येणार म्हणून रस्ते, घाट, कॅमेरे, केबल या सगळ्यांची कामं होणार. त्र्यंबक आणि आसपासच्या सरपंचांनी आत्ताच एकत्र येऊन मागणी करावी की मेळ्यासाठी येणारी जोडणी मेळ्यानंतर गुंडाळली जाऊ नये आणि तिचे फाटे शेजारच्या पाड्यांपर्यंत यावेत. नंतर मागून काही मिळत नाही.

नाशिकमध्ये १८४० साली सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. तेव्हा शहरात वाचता येणारे किती असतील? तरीही कुणीतरी खोली उघडली, पुस्तकं मांडली, दिवा लावला. त्या माणसांनी सगळ्यांना आधी वाचता येऊ दे, मग बघू, असं म्हटलं नाही.

जिल्ह्यात तेराशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. सगळ्यांनी एकदम करावं असं मी म्हणत नाही. प्रत्येक तालुक्यातून दोन गावं पुढे आली तरी पंधरा तालुक्यांत तीस खोल्या उघडतील. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. त्याआधी होणाऱ्या महिला सभेत तर नक्कीच घ्या, आणि टेकडीवर जाणाऱ्या बायांना बोलू द्या. ठराव झाला की त्याची प्रत पंचायत समितीत माझ्या नावाने ठेवा, तिथले लोक मला ओळखतात. तुमच्या ताईला पहिले दहा दिवस मी येऊन शिकवीन, येण्याजाण्याचा खर्च माझा. पेठच्या त्या गावात मी दिवाळीनंतर पुन्हा गेले. सरपंचताईंनी कुलूप काढून ठेवलं होतं, नवी बॅटरी बसली होती, आणि ज्या बाईचा मुलगा छाटणीला गेला होता ती पहिल्या खुर्चीवर बसून माझी वाट बघत होती. तिला स्वतःच्या नंबरवर आधार जोडून घ्यायला कुठे जायचं ते शोधायचं होतं.

आपली,
दिंडोरी तालुक्यातली एक संगणक शिक्षिका